रुळांखालचं डांबर

पहिला जोराचा पाऊस झाला की डांबराची बदनामी सुरू होते. मे महिन्यात गुळगुळीत केलेला रस्ता गणपतीपर्यंत खड्ड्यांनी भरतो आणि सगळा राग त्या काळ्या पदार्थावर निघतो. त्यामुळे रेल्वेच्या रुळांखालीही डांबराचा थर घालतात, तोसुद्धा ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाच्या मार्गांवर, असं सांगितलं तर अनेकांना ते खरं वाटत नाही. इटली, जपान, अमेरिका आणि फ्रान्स या देशांनी रुळांखाली डांबर घातलेलं आहे, आणि त्यांतल्या काहींचा अनुभव चार-पाच दशकांचा आहे. आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या रुळांखालीही डांबर असणारच आहे, फक्त वेगळ्या रूपात.

रस्त्यावर डांबर सगळ्यांत वर असतं. ऊन, हवा, टायर आणि साचलेलं पाणी असे चारही शत्रू त्याच्या अंगावर थेट येतात. रुळांखाली ते दडलेलं असतं आणि हे शत्रू तिथवर क्वचितच पोहोचतात. डांबराची खरी लायकी पाहायची असेल तर ती रस्त्यावर नव्हे, रुळांखाली पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी नेहमीचा खडीचा मार्ग कसा काम करतो ते पाहू. रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर आणि खडी मातीच्या भरावावर. आपल्याकडे ब्रॉडगेजला लागणारी खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटर मापाची, यंत्रावर फोडलेली, धारदार कडांची असते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ती काळ्या बेसाल्टची असते. या कडा एकमेकींत अडकतात, म्हणून स्लीपर जागचा हलत नाही. दगडांमधल्या पोकळीतून पाणी निघून जातं. चाकाचा भार पसरत पसरत खाली उतरतो. मार्ग खचला तर टॅम्पिंग मशीनचे दात स्लीपरखाली खडी ठासून भरतात आणि रूळ पुन्हा पातळीत येतो. इतकी साधी आणि इतकी दुरुस्तीयोग्य रचना दुसरी नाही, म्हणून जवळपास दोनशे वर्षं ती टिकून आहे.

तिचं दुखणं सुरू होतं ते खाली, खडी आणि माती जिथे भेटतात तिथे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसात ती मऊ झाली की प्रत्येक चाकासरशी खडीचे दगड तिच्यात रुततात आणि पातळ चिखल खडीच्या पोकळीतून वर उसळतो. एकदा चिखल खडीत शिरला की निचरा थांबतो, निचरा थांबला की माती आणखी मऊ होते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. रूळ खाली बसतात, गाड्यांना वेगमर्यादा लागते, मग ब्लॉक घ्यावा लागतो. यावर भारतीय रेल्वेचा रूढ उपाय म्हणजे ब्लँकेट: खडी आणि माती यांच्यामध्ये ठरावीक प्रतवारीच्या वाळू-मुरमाचा किंवा बारीक दगडाचा जाड थर. उपाय चांगला आहे. पण तो पाणी पूर्णपणे अडवत नाही, आणि योग्य प्रतवारीचा माल सगळीकडे मिळतोच असं नाही.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच दुखण्यावर डांबराचा थर घालून पाहिला गेला. केंटकी विद्यापीठातल्या जेरी रोझ या स्थापत्य-प्राध्यापकांनी तिथल्या रेल्वे कंपन्यांबरोबर हे काम हाती घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा पिच्छा सोडला नाही. रचना अशी: मातीचा भराव दाबून घ्यायचा, त्यावर १२५ ते १५० मिलिमीटर जाडीचा गरम डांबरी मिश्रणाचा थर, साधारण पावणेचार मीटर रुंद, आणि त्यावर २०० ते ३०० मिलिमीटर खडी. वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. स्लीपर, खडी, टॅम्पिंग, सगळं नेहमीचंच.

मिश्रण मात्र रस्त्याच्या मिश्रणाहून थोडं वेगळं, आणि या फरकामागचं कारण फार महत्त्वाचं आहे. रस्त्याच्या थरात दाबल्यानंतरही साधारण ३ ते ५ टक्के हवेची पोकळी मुद्दाम ठेवतात. पोकळी त्याहून कमी झाली आणि डांबर जास्त झालं, तर उन्हात मऊ होऊन रस्ता चाकोरीत दबतो. रेल्वेच्या थरात डांबर अर्ध्या टक्क्याने जास्त घालतात आणि पोकळी १ ते ३ टक्क्यांवर आणतात. मग तो दबत नाही का? नाही, कारण खडीने भार आधीच पसरवलेला असतो. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली दर चौरस इंचावर १०० पौंडांच्या आसपास दाब असतो. सुमारे १३० टन वजनाच्या वाघिणी धावत असताना खडीखाली, डांबराच्या पृष्ठभागावर मोजलेला दाब मात्र १५ ते २० पौंड भरला. मालगाडी ट्रकपेक्षा कितीतरी जड, तरी तिच्याखालचं डांबर ट्रकखालच्या डांबरापेक्षा कितीतरी निवांत. म्हणून तिथे डांबराचा हात सैल सोडता येतो, आणि जास्त डांबराचं, कमी पोकळीचं मिश्रण पाण्याला जवळजवळ अभेद्य ठरतं.

डांबर म्हातारं होतं ते ऊन आणि प्राणवायू यांच्यामुळे. प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक, ठिसूळ होत जातं आणि मग तडकतं. खडीखाली ऊन पोहोचत नाही, पोकळी कमी असल्याने हवाही आत शिरत नाही, आणि दिवस-रात्रीचा, उन्हाळा-हिवाळ्याचा तापमानातला चढउतारही खडी शोषून घेते. रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते २९ वर्षं वापरात असलेल्या मार्गांखालून नमुने कापून काढले, तेव्हा त्यांतलं डांबर फारसं कडक झालेलं नव्हतं. त्याहून मोलाचं म्हणजे थराखालच्या मातीतला ओलावा, माती उत्तम दाबली जाण्यासाठी जेवढा लागतो, त्याच्याच आसपास होता. म्हणजे भराव बांधला त्या दिवशी जसा होता तसाच बऱ्याच अंशी राहिला होता. मातीचा ओलावा स्थिर ठेवणं हीच भरावाची खरी राखण, आणि हा थर ती करत होता.

या थराचा सर्वाधिक उपयोग झाला तो सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे, तसंच बोगद्यांत, लेव्हल क्रॉसिंगवर आणि पुलांच्या तोंडाशी. या जागी चाकांचे धक्के जास्त बसतात आणि दुरुस्तीला वेळ मिळत नाही. इथे डांबराचा आणखी एक गुण कामाला येतो. काँक्रीट ओतलं तर ते घट्ट होईपर्यंत वाट पाहावी लागते. डांबरी थर रोलरने दाबला की त्यावर लगेच खडी टाकता येते आणि आधी जोडून ठेवलेला सांधा उचलून वर बसवता येतो. अख्खं काम काही तासांच्या ब्लॉकमध्ये बसतं. रविवारचा मेगाब्लॉक ज्यांच्या आयुष्याचा भाग आहे त्यांना या काही तासांचं मोल सांगायला नको. आपल्याकडच्या नेहमीच्या खडीच्या मार्गात असा थर घालायची पद्धत रूढ नाही. उपनगरी मार्गांवर जिथे दर पावसाळ्यात खडीत चिखल होतो, तिथल्या मोजक्या सांध्यांवर तो करून पाहण्याजोगा आहे असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. भरावाच्या पोटात खोलवर माती सरकत असेल तर वरचा डांबरी थर ती थांबवू शकत नाही. आणि खडी उपसून चाळणारं यंत्र निष्काळजीपणे खोल चालवलं तर ते हा थरच कापत जातं.

युरोपात या विचाराला आधी चालना दिली इटलीने. रोम-फ्लोरेन्स या नव्या थेट मार्गाचं काम १९७०मध्ये सुरू झालं, आणि तिथे खडीखालच्या बांधीव थराचा अनुभव घेतल्यानंतर १२ सेंटिमीटरचा डांबरी थर ही इटलीच्या अतिवेगवान मार्गांची नेहमीची रीत झाली. बांधकामाच्या काळातही तो थर उपयोगी पडला. पावसात मातीचा भराव चिखल होतो, पण डांबरावरून खडीचे ट्रक चालत राहतात. फ्रान्सने २००७ साली सुरू झालेल्या, पॅरिसहून पूर्वेकडे जाणाऱ्या नव्या अतिवेगवान मार्गावर ३ किलोमीटरचा प्रायोगिक तुकडा बांधला. शेजारच्या नेहमीच्या रचनेत खडीखाली २० सेंटिमीटरचा एक आणि ५० सेंटिमीटरचा दुसरा असे दगडी थर होते. प्रायोगिक तुकड्यात १४ सेंटिमीटर डांबरी थर आणि त्याखाली २० सेंटिमीटर दगडी थर एवढ्यावर भागलं. तुकडा चांगला चालला आणि २०१७मध्ये सुरू झालेल्या, ब्रिटनीकडे जाणाऱ्या नव्या मार्गावर हीच रचना मोठ्या लांबीवर वापरली गेली.

आता डांबराच्या स्वभावाकडे वळू. गुळाचा पाक चिक्कीसाठी कढईतून काढला की तो हळू ताणला तर लांबत जातो आणि थोडा थंड झाल्यावर त्यावर ठोसा मारला तर फुटतो. डांबराचं तसंच आहे. भार सावकाश आला तर ते द्रवासारखं वाहतं, भार झटकन आला तर घन पदार्थासारखं वागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल यांनी डांबराच्याच जातीचा पदार्थ नरसाळ्यात भरून ठेवला होता. हातोडीने फुटणाऱ्या त्या पदार्थाचा नववा थेंब २०१४मध्ये खाली आला. वेगाने जाणारी गाडी डांबरी थरावर क्षणभरच दाब देते, म्हणून तिच्यासाठी तो थर ताठ असतो. भरावाची माती वर्षानुवर्षं हळूहळू थोडी बसते, तेव्हा तोच थर न तडकता तिच्याबरोबर वाकतो. काँक्रीटला पहिलं जमतं, दुसरं जमत नाही.

हा स्वभाव हवा तसा वळवण्यासाठी डांबरात निरनिराळी द्रव्यं मिसळतात. त्यांत सर्वाधिक वापरलं जाणारं म्हणजे एसबीएस हे बहुलक. त्याच्या लांब रेणूची दोन्ही टोकं कडक असतात आणि मधला भाग रबराचा असतो. ही कडक टोकं डांबरात एकमेकांजवळ गोळा होतात आणि रबरी भाग त्यांच्यामध्ये ताणलेला राहतो, त्यामुळे डांबराला आतून जाळं मिळतं. वजनाच्या ३ ते ५ टक्के एसबीएस घातलं की डांबर उन्हाळ्यात कमी वाहतं आणि थंडीत कमी तडकतं. खडीखाली लपलेल्या थराला याची गरज फारशी पडत नाही. जर्मनीत मात्र काही मार्गांवर खडी वगळून स्लीपर थेट डांबरी थरावर ठेवतात. तिथे थराचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या हिशोबाने सपाट असावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहावा लागतो, म्हणून अशा ठिकाणी बहुलकाचा खर्च सार्थकी लागतो. जुन्या टायरचा भुगा घातला तर थर धक्के आणि कंप जास्त शोषतो. दाट वस्तीतून जाणाऱ्या मार्गांना हा गुण हवासा वाटतो.

पाण्याविरुद्धची द्रव्यं वेगळी. दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं वाटतं. संधी मिळाली की पाणी डांबराच्या पापुद्र्याखाली शिरतं आणि त्याला दगडापासून सोडवतं. रस्त्यावरचे बरेच खड्डे असेच सुरू होतात. या बाबतीत आपला बेसाल्ट बरा. तो रासायनिकदृष्ट्या अल्कधर्मी असल्याने किंचित आम्ल स्वभावाचं डांबर त्याला चांगलं धरतं. भंडारा-गोंदियाकडचा ग्रॅनाइटच्या जातीचा दगड किंवा गारगोटीसारखा सिलिकायुक्त दगड त्या मानाने बेभरवशाचा. अशा वेळी विरवलेल्या चुन्याची भुकटी एक-दोन टक्के घालतात किंवा अमाइन गटातली द्रव्यं डांबरात मिसळतात. बोगद्यात काम करायचं असेल तर आणखी एका द्रव्याचा विचार व्हावा. नेहमीचं मिश्रण १५० अंशांहून जास्त तापलेलं असतं. विशिष्ट मेण घातलं तर ते २०-३० अंश कमी तापमानालाही पसरता येतं, आणि बंद जागेत राबणाऱ्या माणसांच्या छातीत धूर कमी जातो. माझ्या मते या द्रव्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, इंधनाची बचत त्यानंतरची.

डांबराचा रेल्वेतला सर्वांत नाजूक आणि सर्वांत देखणा उपयोग मात्र यांपैकी कशातच नाही. तो जपानने शोधला.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका शिंकान्सेन सुरू झाली तेव्हा तिचे रूळ खडीवरच होते. गाड्या इतक्या वेगाच्या आणि इतक्या वाढत गेल्या की खडीची देखभाल हे रोज रात्रीचं मोठं काम होऊन बसलं. सेकिगाहाराच्या बर्फाळ पट्ट्यात गाडीच्या पोटाला चिकटलेले बर्फाचे गोळे खाली पडून खडी उडवायचे. १९६५पासून जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने खडीशिवायच्या मार्गावर काम सुरू केलं. उत्तर निघालं ते कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचं. सुमारे ५ मीटर लांबीचा स्लॅब पुलावरच्या किंवा बोगद्यातल्या काँक्रीटच्या पायावर ठेवायचा आणि रूळ त्यावर बांधायचे.

अडचण होती ती स्लॅब आणि पाया यांच्यामधल्या फटीत. जागेवर ओतलेला पाया मिलिमीटरच्या अचूकतेने सपाट होत नाही, आणि दोन कडक पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर भार काही उंचवट्यांवरच येतो. फटीत नुसता सिमेंटचा गिलावा भरला तर तो धक्क्यांनी फुटतो. नुसतं डांबर भरलं तर स्लॅबच्या वजनाखाली ते हळूहळू बाहेर येतं, शिवाय ते गरम करून त्या अरुंद जागेत घालायचं कसं हा प्रश्न राहतोच. म्हणून सिमेंट आणि डांबर एकत्र करून सीए मॉर्टर तयार झालं.

यातलं डांबर तापवलेलं नसतं. त्याचे काही मायक्रोमीटर आकाराचे थेंब साबणाच्या जातीच्या द्रव्याच्या मदतीने पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, त्याला इमल्शन म्हणतात. त्यात सिमेंट, बारीक वाळू आणि पाणी मिसळतात. सिमेंट आपल्या घट्ट होण्यासाठी पाणी ओढून घेतं, थेंबांना तरंगायला जागा उरत नाही, ते एकमेकांत मिसळतात आणि सिमेंटच्या सांगाड्याभोवती डांबराचा सलग पापुद्रा तयार होतो. हे सगळं ठरलेल्या वेळीच घडलं पाहिजे. थेंब लवकर फुटले तर मिश्रणाच्या गुठळ्या होऊन नळीच तुंबते. इमल्शनमधलं द्रव्य सिमेंटच्या कणांना चिकटून बसलं तर सिमेंट घट्ट व्हायला उशीर लागतो. वाळू तळाशी बसली तर थराची ताकद खालीवर होते. म्हणून प्रत्येक जोडद्रव्य मोजूनमापून घालतात: मोठे बुडबुडे घालवणारं एक, सूक्ष्म बुडबुडे टिकवणारं दुसरं, आणि ॲल्युमिनियमची अगदी चिमूटभर पूड. ही पूड सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्यात हायड्रोजन सोडते, त्यामुळे मिश्रण १ ते ३ टक्के फुगतं आणि स्लॅबच्या तळाला घट्ट टेकतं. फुगलं नाही तर घट्ट होताना ते आकसेल आणि केसाएवढी फट राहील. पुढे ती केसाएवढी राहत नाही.

ओतण्याची पद्धत अशी. स्लॅब आधारांवर पायापासून सुमारे ५ सेंटिमीटर उंच, अचूक पातळीत धरतात. त्याखाली न विणलेल्या कापडाची चपटी पिशवी अंथरलेली असते. मिश्रण ठरावीक मापाच्या नरसाळ्यातून किती सेकंदांत उतरतं ते तपासून मगच ते पिशवीत सोडतात. ते इतकं पातळ असतं की स्लॅबला उचलू पाहतं, म्हणून स्लॅब वरून जखडावा लागतो. दुसऱ्या दिवशी थराची ताकद नुसती आधार काढता येण्याइतपत असते. अठ्ठावीस दिवसांनी ती २ मेगापास्कलच्या आसपास पोहोचते, तर स्लॅबचं काँक्रीट ४० मेगापास्कलच्या घरातलं. इथे अभियंत्यांनी कमी ताकद मुद्दाम निवडली आहे. मॉर्टर मऊ आहे म्हणूनच ते धक्का स्वतःत जिरवतं आणि खालच्या पुलापर्यंत पोहोचू देत नाही. आणि खराब झालंच तर ते काढून नवं भरता येतं.

ओसाकाहून पश्चिमेला जाणाऱ्या सान्यो शिंकान्सेनवर १९७२ आणि १९७५मध्ये सुरू झालेल्या टप्प्यांत हे स्लॅब वापरले गेले. जपानच्या उत्तरेकडच्या थंड तोहोकू भागात मॉर्टरमध्ये शिरलेलं पाणी गोठून कडा ढासळू लागतात, म्हणून तिथल्यासाठी बहुलक मिसळलेलं वेगळं मिश्रण तयार केलं. चीनने जपानी वळणाचं मऊ मॉर्टर आणि जर्मन वळणाचं, कितीतरी कडक, अशी दोन्ही वापरली.

हीच जपानी रचना मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी घेतली आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतांश भाग उंच पुलांवर आहे. काँक्रीटचा पाया, त्यावर सीए मॉर्टर आणि त्यावर १९० मिलिमीटर जाडीचे स्लॅब. स्लॅब सरकू नये म्हणून साधारण दर ५ मीटरवर पायातून वर आलेला काँक्रीटचा गोल खुंट. गुजरातमध्ये किम आणि आणंद इथे स्लॅबचे कारखाने उभे राहिले. आपल्याकडे गोठवणारी थंडी नाही, पण इथली परीक्षा वेगळी आहे. मॉर्टर ओतताना मिश्रण फार तापलं तर इमल्शन वेळेआधी फुटतं, म्हणून उन्हाळ्यात कामाची वेळच बदलावी लागते. भर दुपारी स्लॅबची वरची बाजू तापते आणि खालची तेवढी तापत नाही, त्यामुळे स्लॅब किंचित वाकतो आणि त्याच्या कडा मॉर्टरपासून सुटू पाहतात. चीनमधल्या अशा मार्गांवर या जोडाजवळ फटी पडल्याचा अनुभव आहे. पालघर जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हे पाणी त्या फटीत साचलं तर प्रत्येक चाकाखाली दाबलं जाऊन ते मॉर्टरची कड खरवडत राहील. म्हणून पुलावरचा निचरा आणि स्लॅबच्या कडांची पावसाआधी व पावसानंतरची पाहणी यांना इथे पहिलं स्थान द्यावं लागेल. शिंकान्सेनवर मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत प्रवासी गाड्या बंद असतात आणि अशी कामं त्याच वेळात केली जातात. फट लहान असतानाच पातळ रेझिन भरलं तर काम आटोक्यात राहतं. ती वाढू दिली तर खराब मॉर्टर काढून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तोवर त्या स्लॅबवरून गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो.